मतदार घडविणारे बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे चटकन उभी राहतात. एक महाडच्या चवदार तळ्याचे आणि दुसरे राज्यघटनेचे. दोन्ही चित्रे खरीच आहेत. परंतु ह्या दोहोंच्या आगेमागे जवळजवळ सदतीस वर्षे चाललेले एक काम आहे, आणि ते चित्रात काढता येण्याजोगे नसल्यामुळे बहुधा आपल्या भाषणांतून सुटून जाते. ज्याच्या हाती मत नाही, ज्याला अक्षरओळख नाही, ज्याला गावच्या चावडीवर वर चढून उभेही राहता येत नाही, अशा माणसाला मत म्हणजे काय, राखीव जागा म्हणजे काय, ती कोणत्या नियमाने मिळते आणि कोणत्या नियमाने हातची जाते, हे समजावून सांगण्याचे ते काम. प्रस्तुत लेखात बाबासाहेबांच्या चरित्राचा हाच एक धागा धरून चालण्याचा विचार आहे. बाकीचे चरित्र ओघात येईल तेवढेच.

बालपणाची हकीकत आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. पुढे सातारा आणि मुंबई. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले आणि १९१७ साली परत येऊन करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. तेथे ह्या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. अखेरीस १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आपल्या विषयाला आरंभ होतो तो येथून, आणि तोही एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या सरकारी चौकशीपासून. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या निमित्ताने मताधिकार कोणाला द्यावा हे ठरविण्यासाठी साउथबरो समिती नेमली गेली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी तिच्यापुढे साक्ष दिली. वय सत्तावीस. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांनीही अस्पृश्यांच्या बाजूने साक्ष दिली. त्या काळी मत मिळण्यासाठी शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर अशा कसोट्या असत. वरवर पाहता कसोटी सर्वांना सारखी. परंतु ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीन घेऊ दिली नाही, दुकान घालू दिले नाही, त्याच्यापुढे ती सारखी कसोटी ठेवणे म्हणजे त्याला दाराबाहेर ठेवणेच होय, हे बाबासाहेबांनी आकडे मांडून दाखविले. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची पात्रता खाली आणावी आणि लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. माणूस आधी शहाणा व्हावा आणि मग त्याला मत द्यावे, हा युक्तिवाद त्यांना मान्य नव्हता. मत वापरता वापरताच माणूस शिकतो अशी त्यांची धारणा होती.

समितीने त्यांचे फारसे ऐकले नाही. १९१९ च्या कायद्याने मुंबई कायदे मंडळात अस्पृश्यांच्या वाट्याला आली ती सरकारनियुक्त एक जागा. निवडून आलेली नव्हे, नेमलेली. ह्या अपयशातून एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानी आली असावी असे पुढील घटनाक्रमावरून वाटते. सरकारपुढे निवेदन देणे हे निम्मेच काम आहे. ज्यांच्यासाठी निवेदन द्यावयाचे त्यांनाच ते कळलेले नसेल, तर त्या कागदामागे वजन कोठून येणार?

एका वर्षाच्या आत, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले होते. बाबासाहेब सरकारी कॉलेजात नोकरीस असल्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. आरंभीचे लेखन बाबासाहेबांचे. ‘केसरी’ने पैसे देऊ केले असतानाही ह्या पत्राची जाहिरात छापली नाही, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ‘मूकनायका’चे जुने अंक आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. ते चाळताना पाहावे ते हे की प्रतिनिधित्व, स्वराज्य, कायदे मंडळाची रचना असले जड विषय तेथे किती सोप्या, घरगुती मराठीत सोडवून सांगितलेले आहेत. कोलंबियाची एम.ए. आणि लंडनची पुस्तके पचविलेला हा माणूस समाजाला उतरंडीची आणि मजल्यांची उदाहरणे देतो, शिडी नसलेल्या इमारतीची कल्पना करावयास सांगतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतील मराठी पाहिली म्हणजे हे किती अवघड असते ते कळते.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः उपस्थित होते. १९०२ सालीच आपल्या संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा हा राजा. त्याच्या साक्षीने ह्या तरुणाकडे पुढारीपण आले. परंतु शिक्षण अपुरे राहिले होते. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि त्यांच्या पाठीमागे ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडला. एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली चळवळ त्याने खांदा काढला की कशी बसते, ह्याचा हा पहिला दाखला. बाबासाहेबांना तो पुढेही अनेकदा सोसावा लागला.

परतल्यावर २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १९२६ च्या अखेरीस सरकारने त्यांना मुंबई कायदे मंडळावर नेमले, डॉ. पुरुषोत्तम सोळंकी हे त्यांच्यासोबतचे दुसरे सभासद. महाडचा सत्याग्रहही खरे पाहता एका कायदेशीर ठरावाच्या अंमलबजावणीचाच प्रश्न होता, हे आपण विसरतो. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला होता, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. ठराव कागदावर होता. तळ्यावर मात्र कोणी गेले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली आणि त्या कागदाला अर्थ आला. कायद्याने दिलेली गोष्ट ज्याला दिली त्याला माहीत नसेल, किंवा माहीत असून घेण्याची हिंमत नसेल, तर ती दिल्यासारखी होत नाही. महाडनंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. ह्या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढीत. पैशाअभावी ते १९२९ च्या नोव्हेंबरात बंद पडले. त्याच्या जोडीला २९ जून १९२८ रोजी ‘समता’ निघाले होते, आणि २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघालेले ‘जनता’ मात्र टिकले. १९५६ मध्ये त्याचेच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

वाचक किती होते, असा प्रश्न येथे कोणी विचारील. वाचता येणारे थोडे होते हे खरेच. परंतु ह्या पत्रांचा वाचक आणि श्रोता वेगळा होता. चाळीच्या गच्चीत, महारवाड्याच्या चावडीत, गिरणीच्या दारात एक जण मोठ्याने वाची आणि पंधरा-वीस जण ऐकत. ज्या गावी अंक पोहोचत नसे तेथे जलसा पोहोचे. तमाशाचा साचा घेऊन त्यातील गण-गौळण बाजूला सारणारे आणि त्या जागी शिक्षण, पाणवठा, वतन, मत हे विषय आणणारे आंबेडकरी जलसे ह्या सुमारास उभे राहिले. नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्या मंडळींचे नाव ह्यात अग्रभागी घ्यावे लागते. बाबासाहेबांनी ह्या जलशांना मनापासून दाद दिली. दहा सभा करून जे साधत नाही ते एका रात्रीच्या जलशाने साधते, हे त्यांनी ओळखले होते.

आता राखीव जागांच्या प्रश्नाकडे वळू. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेने निवेदन दिले त्यात मुंबई कायदे मंडळाच्या १४० जागांपैकी २२ जागा मागितल्या होत्या. त्या वेळी बाबासाहेबांची भूमिका अशी, की प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत द्या. ते दिलेत तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा पुरतील. ते देणार नसाल तर मात्र स्वतंत्र मतदारसंघ द्या. पुढे गोलमेज परिषदेत ते स्वतंत्र मतदारसंघाकडे वळले आणि १९३२ च्या ऑगस्टमध्ये जातीय निवाड्याने ते मिळालेही. ह्या निवाड्यात अस्पृश्य मतदाराला दोन मते होती. एक आपल्या स्वतंत्र मतदारसंघातले आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघातले. ह्या दुसऱ्या मतामुळे गावच्या पाटलालाही महारवाड्याची दखल घ्यावी लागली असती. गांधीजींचे येरवडा तुरुंगातील उपोषण, बाबासाहेबांवर आलेले दडपण आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार हा इतिहास येथे उगाळीत नाही. कराराने प्रांतिक कायदे मंडळांत १४८ जागा मिळाल्या, म्हणजे निवाड्यापेक्षा दुपटीच्या आसपास. पण दुसरे मत गेले आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला.

त्याऐवजी आली ती एक गुंतागुंतीची रीत. प्रथम केवळ अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडावयाचे. मग त्या चारांतून एक जण सर्व हिंदू मतदारांनी मिळून निवडावयाचा. म्हणजे प्राथमिक फेरीत ज्याला स्वजनांची सर्वाधिक मते पडली, तोच अंतिम फेरीत पडू शकत असे. बाबासाहेबांची पुणे करारावरील नाराजी अखेरपर्यंत गेली नाही ती ह्यामुळे. करारावर वर्गात वाद घालताना आपण बहुधा गांधी की आंबेडकर एवढ्यावरच थांबतो. नियम काय होता हे पाहिले तर वाद अधिक फळाला येईल, असे मला वाटते.

१९३५ चा कायदा आला आणि निवडणुका १९३७ च्या फेब्रुवारीत ठरल्या. मुंबईच्या १७५ जागांपैकी १५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कुळे, शेतमजूर, गिरणी कामगार, सर्वांसाठी तो होता, आणि महाडच्या दिवसांपासूनचे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण सहकारी त्यात होते. उमेदवार सतरा. तिकडे काँग्रेसपाशी पैसा, वर्तमानपत्रे आणि सर्व हिंदुस्थानभर पसरलेले कार्यकर्ते.

मुंबई इलाख्यात त्या वेळी बहुसदस्य मतदारसंघ होते आणि मते एकवटून देण्याची मुभा होती. ही पद्धत थोडी समजावून घेतली पाहिजे, कारण बाबासाहेबांच्या प्रचाराचे मर्म तिच्यात आहे. समजा, एका मतदारसंघात तीन जागा आहेत. प्रत्येक मतदाराला तीन मते मिळतात. ती त्याने तिघांना एकेक द्यावीत किंवा तीनही एकालाच द्यावीत. आता समजा, एकूण मतदार तीस हजार असून त्यांतले आठ हजार दलित आहेत. ह्या आठ हजारांनी आपली मते तिघांत वाटली, तर त्यांच्या माणसाला आठ हजार मते पडणार, आणि विरुद्ध पक्षाच्या पसंतीच्या माणसाला बावीस हजार. जागा राखीव असली तरी ती विरुद्ध पक्षाच्या अस्पृश्य उमेदवाराला मिळणार. पण तेच आठ हजार जण तीनही मते आपल्या एकाच उमेदवाराला देतील, तर त्याची मते चोवीस हजार होतात. समोरच्या बावीस हजारांनी आपली मते तिघांत वाटली, तर प्रत्येकाला बावीस हजारच पडतात. माणसे तेवढीच, मते तेवढीच. फरक फक्त नियम कळला की नाही एवढाच.

हे गणित फळ्यावर मांडणे सोपे आहे. ज्याने आयुष्यात मतपत्रिका पाहिलेली नाही त्याला ते रात्रीच्या सभेत, कंदिलाच्या उजेडात समजावणे सोपे नव्हे. स्वतंत्र मजूर पक्षाचे कार्यकर्ते आणि जलसेवाले गावोगाव फिरले ते हेच सांगत. निकाल लागला तेव्हा सतरांपैकी बहुसंख्य उमेदवार निवडून आले होते. पहिल्याच निवडणुकीत, सहा महिन्यांच्या पक्षाला हे यश मिळाले. स्वतः बाबासाहेबांच्या विरुद्ध मुंबईत काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू यांना, म्हणजे आपल्या देशातील पहिल्या नामवंत गोलंदाजांपैकी एकाला, आणि तेही अस्पृश्य समाजातील. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. (एकवटलेल्या मतांची पद्धत असल्यामुळे हे आकडे माणसांचे नव्हेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.) तरुणपणी बाबासाहेबांना ह्याच बाळूंचा अभिमान वाटे. राजकारण माणसांना कोठे समोरासमोर आणून उभे करील हे सांगता येत नाही.

निवडून गेल्यावर पक्षाने मतदारांना दिलेल्या शब्दाचे काय केले? १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध तर ते १९२८ पासून झगडत होतेच. विधेयके त्या वेळी मंजूर झाली नाहीत. परंतु मत देऊन घरी बसावयाचे नसते, आपण पाठविलेला माणूस तेथे काय बोलतो ते पाहावयाचे असते, हा पाठ कोकणातल्या कुळांना त्या मोर्चाने मिळाला.

आपल्या मराठवाड्याचे काय? ह्या सगळ्या काळात परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईतल्या गिरणी कामगाराला एकवटलेल्या मतांचे गणित सांगितले जात होते, तेव्हा आमच्याकडे सभा भरविण्यालाच परवानगीची पंचाईत. त्यामुळे १९३८ च्या ३० डिसेंबरला औरंगाबाद जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने बाबासाहेबांच्या उपस्थितीत जी परिषद झाली, तिचे महत्त्व मराठवाड्याला फार आहे. तेव्हा गोदाकाठी मत नव्हते. पण मताची बातमी आली होती.

१९४२ मध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांहून थोड्या अधिक, म्हणजे बारांत एक, जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला तो त्यांच्या खटपटीमुळे. परंतु १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशन साफ कोसळले. प्राथमिक फेरीत पुढे असलेले तिचे उमेदवार अंतिम फेरीत पडले. पुणे कराराविषयी बाबासाहेबांना जी भीती वाटत होती ती खरी ठरली होती. घटना समितीत जाण्यासाठी त्यांना मुंबई प्रांतातून जागा मिळेना. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीने ती जागाही गेली, आणि मग जुलै १९४७ मध्ये मुंबईतून त्यांची निवड झाली.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते अध्यक्ष झाले. १९१९ साली साउथबरो समितीने ज्या तरुणाचे ऐकले नव्हते, त्याच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मसुद्यात प्रौढ मताधिकार आला. कलम ३२६. सारा, घरभाडे, शिक्षण, जात, लिंग, कशाचीही अट नाही. वय तेवढे एकवीस. (१९८९ पासून ते अठरा झाले, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांना आज मत आहे.) कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम ३३० आणि ३३२ ने लोकसभा व विधानसभांत जागा राखून ठेवल्या. ह्या राखीव जागांची मुदत मूळ दहा वर्षे होती. ती वेळोवेळी वाढत जाऊन १०४ व्या दुरुस्तीने २०३० पर्यंत आली आहे. नोकरी आणि शिक्षणातील राखीव जागांना घटनेत अशी दहा वर्षांची मुदत कधीच नव्हती. ही साधी गोष्ट आजही वादविवाद स्पर्धांतून सर्रास चुकीची सांगितली जाते, म्हणून मुद्दाम नोंदवितो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते, की राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत.

ह्या विसंगतीचा पहिला फटका त्यांनाच बसला, आणि चरित्राचा हा भाग मला सर्वांत चटका लावणारा वाटतो. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबई मतदारसंघातून उभे राहिले. मतदारसंघ द्विसदस्य होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती. सर्वसाधारण जागेला अशोक मेहता. आता नियम बदललेला होता. मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह, फेडरेशनचा हत्ती. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत पडल्या तर एकच धरली जाई. म्हणजे १९३७ साली जे करा म्हणून घसा कोरडा करून सांगितले, ते केले तर १९५२ साली मत वाया! बाबासाहेब काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले, आणि त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली होती. कम्युनिस्टांच्या प्रचारामुळे लोकांनी मते मुद्दाम वाया घालविली, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब व अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले. अर्ज फेटाळला गेला. मते कशी बाद झाली, जाणून की न जाणून, ह्याचा निवाडा आज कोण करणार? ज्या माणसाने प्रत्येकाला मत मिळवून दिले, तो बाद झालेल्या मतांच्या ढिगाऱ्यापुढे हरला, एवढे मात्र खरे.

त्याच निवडणुकीत परभणी जिल्ह्याने प्रौढ मताधिकाराने पहिल्यांदा लोकसभेसाठी मत दिले. शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे येथून निवडून आले. फेडरेशनला देशात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि शेजारच्या तेलंगणात करीमनगरहून एम. आर. कृष्णा, म्हणजे एक जागा आपल्याच तेव्हाच्या हैदराबाद राज्यातली. ह्याच सुमारास, १९५० मध्ये, बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले होते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील मुलांना पदवीचे दार त्यामुळे जवळ आले. मतदाराला नियम सांगणे आणि त्याच्या मुलाला कॉलेजात आणणे ही त्यांच्या लेखी दोन निराळी कामे नसावीत.

१९५४ मध्ये भंडाऱ्याला पोटनिवडणूक लागली. पुन्हा द्विसदस्य मतदारसंघ, पुन्हा दोन मते, पुन्हा शेजारच्या जागेला अशोक मेहता. मुंबईची जखम ताजी होती. तेव्हा काही कार्यकर्त्यांच्या मनात आले, की आपल्या लोकांनी पहिले मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये, म्हणजे आपल्या मतांचा फायदा दुसऱ्याला होऊन आपले नुकसान होण्याची भीती उरणार नाही. हिशेब म्हणून तो चुकीचा होता असे म्हणवत नाही. बाबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला. मत वाया घालवा असे लोकांना सांगणे त्यांच्या तोंडून शक्य नव्हते. दुसरे मत मेहतांनाच जाईल असे त्यांनी बजावले. लोकांनी ऐकले. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पडले.

पाठीराख्यांची समजूत घालणे हे विरोधकाला हरविण्यापेक्षा कठीण असते. हक्काचे मत कोणी हिरावून घेऊ नये म्हणून पस्तीस वर्षे लढणाऱ्या माणसाने, स्वतःचा पराभव समोर दिसत असता, ते मत आपल्या लोकांना आपल्याच फायद्यासाठी फुकट घालवू दिले नाही. परभणीच्या रेल्वे स्थानकाजवळ त्यांच्या पुतळ्यासमोर राज्यघटनेची प्रतिकृती उभी होती. १० डिसेंबर २०२४ रोजी तिची विटंबना झाली आणि सारे शहर अस्वस्थ झाले. त्या दिवसांत घटनेविषयी पुष्कळ बोलले गेले. भंडाऱ्याची गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. ती सांगण्याजोगी होती.

त्यांची प्रकृती आता ढासळत चालली होती. मधुमेह, सांधेदुखी, डोळे अधू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. केवळ एका जातिसमूहाचा राहणार नाही असा नवा रिपब्लिकन पक्ष काढण्याचा विचार त्यांनी लिहून ठेवला होता. तो प्रत्यक्षात आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी पहाटे दिल्लीत, अलीपूर रोडवरील निवासस्थानी, झोपेतच त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत १९५७ ची सार्वत्रिक निवडणूक आली. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते. नाशिकहून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावहून बी. सी. कांबळे लोकसभेवर निवडून गेले. १९६१ मध्ये कायदा होऊन द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले, आणि दोन मतपत्रिकांचा तो घोळ कायमचा संपला.